उठू नका म्हणायचं नाही

शेवंतीमावशींना दोन प्रकारच्या माणसांचा मनापासून राग होता. एक म्हणजे तोंडात तंबाखू धरून हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये शिरणारी, आणि दुसरी म्हणजे 'उठू नका, उठू नका' म्हणत वॉर्डात शिरणारी. पहिल्यांना त्या सरळ फैलावर घेत. दुसऱ्यांची पंचाईत अशी की ती माणसं सभ्य असत. त्यांच्या हातात शहाळी असत, चेहऱ्यावर काळजी असे, आणि काळजी करणाऱ्याला झापणार कसं? म्हणून मावशी त्यांच्याकडे नुसतं बघत. ते बघणं ज्यांनी एकदा झेललं त्यांनी पुढच्या खेपेला शहाळी बाहेरच्या बाकावर ठेवून आत पाऊल टाकलं.

माजिवड्याच्या त्या हॉस्पिटलात त्यांना सत्तावीस वर्षं झाली होती. मूळच्या बाळकुमच्या, गावठाणातल्याच. त्यांच्या बापाच्या भेंडीच्या वाफ्यांवर आता तीस मजली टॉवर उभा आहे. त्याच्या गेटवरच्या वॉचमनला त्या येता-जाता सांगत, 'बाबा रे, तू माझ्या भेंडीत बसलास, जरा सांभालून बस.' बाळकुमच्या बोलीत ळ आणि ण यांना फारसा मान नाही, आणि मावशींनी हॉस्पिटलात येऊनही तो कधी दिला नाही. कागदावर त्या वॉर्ड अटेंडंट. पण त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले सर्जनसुद्धा त्यांना मावशीच म्हणत.

चार वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर एक नवा वॉर्ड सुरू झाला. ऑपरेशन झालं, आजार बरा झाला, डॉक्टर म्हणाले सुटलात, पण पडून पडून पायांतलं बळच गेलं, अशी सत्तरी-ऐंशीची माणसं तिथे यायची. दोन-तीन आठवडे राहायची. बसायला, उभं राहायला, आपल्या हाताने जेवायला, आपल्या पायांनी संडासला जायला पुन्हा शिकायची आणि मग घरी जायची. दारावरच्या पाटीवर वॉर्डाचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. मावशी त्याला 'उठवायचा वॉर्ड' म्हणत.

या वॉर्डात त्या आल्या आणि पाण्यात मासा सोडावा तशा रमल्या. कारण जे काम इथे नव्याने सुरू झालं होतं ते त्या इतकी वर्षं चोरून करत आल्या होत्या. एक रिटायर्ड हवालदार होते, हात हलवायचं नाव घेत नसत. मावशी रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मुद्दाम एक घर चुकवून लावायच्या. कडक इस्त्रीत आयुष्य गेलेला माणूस, वाकडा शर्ट अंगावर किती वेळ सहन करणार? पाच मिनिटं चडफडायचे आणि मग स्वतःच सगळी बटणं काढून नीट लावायचे. एका आजींचा चष्मा त्या रोज वीतभर लांब ठेवायच्या. सुना चमचा घेऊन भरवायला बसल्या की त्या चमचा काढून घेत आणि सांगत, 'पयले चार घास त्यांचं त्यांना खाऊ द्या. मंग तुमची हौस भागवा.'

फिजिओथेरपिस्ट म्हणून अंतरा आली, डोंबिवलीची, सव्वीस वर्षांची, तेव्हा तिने पहिल्याच दिवशी त्या हवालदारांचा वाकडा शर्ट पाहून मावशींची तक्रार केली होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बटणं लावताना दिसले आणि ती धावत आली. म्हणाली, "मावशी, सॉरी! तुम्ही करता ते सगळं आमच्या पुस्तकात आहे."

"असंल," मावशी म्हणाल्या. "म्हंजे पुस्तक बरोबर लिवलंय."

तेव्हापासून दोघींचं गूळपीठ जमलं.

तर अशा या वॉर्डात गेल्या डिसेंबरात सरोज टिपणीस आल्या. वय एकोणऐंशी. ठाकुर्लीला दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. कल्याणच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी केलेल्या. वरच्या फडताळातली मेतकुटाची बरणी काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. खालच्या मजल्यावरच्या विश्रामकाका मोडकांना दहा वाजले तरी दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली, म्हणून त्यांनी मुलाला फोन केला. मुलगा शौनक माजिवड्याहून धावत आला, दार उघडलं, तेव्हा आई सकाळी सहापासून स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेली होती. त्याला बघून ती म्हणाली होती, "अरे, ऑफिस नाही का आज?"

ऑपरेशन उत्तम झालं. हाड बसलं. पण बाई उठेनात.

नाही म्हणायची त्यांची तऱ्हा न्यारी होती. दुसरे पेशंट ओरडत, रडत, अंतराला शिव्या देत. सरोजकाकू हात जोडत. "तुम्ही किती गोड मुलगी आहात. आजचा दिवस राहू दे. उद्या नक्की. आभारी आहे हं." आवाज असा मऊ आणि स्वच्छ की अंतरा बाहेर आल्यावरच तिच्या लक्षात यायचं, आपले आभार मानले गेले, पण पेशंट काही पलंगावरून हलला नाही. असं पाच दिवस चाललं. हजारो चिडलेल्या माणसांना 'कृपया लाइनवर राहा' म्हणून तासन्‌तास थोपवून धरलेली बाई ती, तिच्यापुढे एका फिजिओथेरपिस्टचा काय पाड लागणार!

सहाव्या दिवशी शौनक आणि त्याची बायको शुभदा डॉक्टरांशी बोलायला बसले. मावशी शेजारच्या पलंगाची चादर बदलत होत्या. चादर एकच होती, पण ती त्या दिवशी फार वेळ बदलली गेली. डॉक्टर म्हणाले, "ठाकुर्लीला लिफ्ट नाही. दुसरा मजला. दोन आठवड्यांनी आपण बघू. कोणीही न धरता, कठड्याच्या आधाराने त्या जिना उतरल्या आणि चढल्या, तर खुशाल स्वतःच्या घरी जाऊ देत. नाहीतर तुमच्याकडेच न्या."

"आमच्याकडेच नेऊ," शौनक म्हणाला. "खोली तयार आहे. बाविसावा मजला, चोवीस तास बाई ठेवू. तिला काही करावं लागणार नाही. ती ठाकुर्लीची जागा आता बंदच करतो."

सरोजकाकूंनी ऐकलं आणि हसून म्हणाल्या, "तुम्ही ठरवाल तसं." दोघं गेल्यावर मावशी उशी नीट करायला वाकल्या, तर हाताला काहीतरी टोचलं. उशीखाली किल्ल्यांचा जुडगा होता. पितळी, जुना, त्याला टेलिफोनच्या रिसीव्हरच्या आकाराची कीचेन.

"ठाकुर्लीच्या?" मावशींनी विचारलं.

काकूंनी मान हलवली. मग पहिल्यांदाच त्या सवयीच्या गोड आवाजात न बोलता म्हणाल्या, "शेवंतीबाई, मला घरी जायचंय हो. पण पाय खाली टाकायचा म्हटलं की ती फरशी आठवते. चार-पाच तास नुसतं छत बघत होते. पुन्हा पडले तर?"

मावशींनी किल्ल्या पुन्हा उशीखाली ठेवल्या. भीती वाटणाऱ्या माणसाला 'भिऊ नका' म्हणणं म्हणजे आंधळ्याला 'बघ' म्हणण्यासारखं, एवढं त्यांना कळत होतं. काकूंना काहीतरी निमित्त हवं होतं, आणि ते मावशींना सुचत नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत आलं. अक्षरशः चालत, कारण विश्रामकाका मोडक लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. फार वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका सरकारी इमारतीत ते लिफ्टमध्ये अडकले होते, दीड तास, एका अनोळखी वकिलाबरोबर. तेव्हापासून जिना. वय एक्क्याऐंशी, पण दोन मजले चढून आले ते धापा टाकत का होईना, हातात उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन आले. सोसायटीतल्या बातम्या सांगितल्या. पाण्याच्या टाकीचं भांडण सांगितलं. मग "चला, निघतो" म्हणून उठले.

आणि मावशींनी ते पाहिलं. काकूंचा डावा हात आपोआप, अंगावर गाऊन असूनही, पदर सारखा करायला गेला आणि चांगला पाय पलंगाच्या कडेवरून खाली सरकून सपाता शोधू लागला. बोटं फरशीवर इकडे तिकडे चाचपत होती. ज्या पायाला पाच दिवस सगळा वॉर्ड विनवत होता, तो पाय पाहुणा उठल्याबरोबर न सांगता निघाला होता. पाहुणा निघाला आणि आपण बसून राहिलो, असं एकोणऐंशी वर्षांच्या आयुष्यात एकदाही घडलं नसणार.

विश्रामकाकांनी तेवढ्यात घोळ घातला. "उठू नका, उठू नका!"

मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं की काकांच्या हातातली छत्री खाली पडली.

"काकू," मावशी सहज म्हणाल्या, वॉकर पुढे सरकवत, "पावनं निघालं. असं बसूनच निरोप द्याचा?"

"अहो, पण मी कशी..." काकूंनी पायाकडे बघितलं. सपात एका पायात गेली होती. मग त्या ओशाळल्यासारख्या झाल्या, वॉकर धरला, आणि उभ्या राहिल्या. मावशींचा हात पाठीमागे होता, पण लागला नाही. "या हं पुन्हा, विश्रामराव," काकू म्हणाल्या. चार सेकंद. मग त्या मटकन बसल्या आणि आपणच चकित होऊन आपल्या पायाकडे बघत राहिल्या.

मावशी स्टोअररूममध्ये गेल्या, दार लावलं आणि एकट्याच नाचल्या. सत्तावन्न वर्षांच्या बाईने चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये किती नाचावं याला मर्यादा आहे, पण अंतराने दार उघडलं तेव्हा त्या ती ओलांडून गेल्या होत्या.

पुढचे दोन आठवडे त्या वॉर्डात जे चाललं त्याला अंतरा 'प्रोग्राम' म्हणायची आणि मावशी 'पावनचार'. विश्रामकाकांच्या मार्फत ठाकुर्लीच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप गेला. रोज दोन पाहुणे, एक सकाळी, एक संध्याकाळी. नियम तीन. उठू नका म्हणायचं नाही. निघताना घाई करायची नाही. आणि निरोप जितका लांबवता येईल तितका लांबवायचा.

हा तिसरा नियम सांगायची खरं तर गरज नव्हती. आपल्याकडे माणूस 'निघतो' म्हणाल्यावर खरा बोलायला लागतो. खुर्चीत बसून तब्येतीची चौकशी होते, पण महत्त्वाचं सगळं उभ्यानेच बोललं जातं. दारात आल्यावर सुनेबद्दल, जिन्याजवळ आल्यावर जागेच्या भांडणाबद्दल, आणि फाटकाशी आल्यावर जे सांगायला माणूस मुळात आलेला असतो त्याबद्दल. पहिल्या दिवशी पलंगाजवळ. तिसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारापर्यंत. पाचव्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या नयन वहिनी आल्या आणि दारात उभ्या राहून आपल्या भाचीच्या लग्नातल्या जेवणाचं असं वर्णन करू लागल्या की काकू अकरा मिनिटं उभ्या होत्या, त्यातली शेवटची सहा वॉकरला न धरता. अंतराने तक्त्यावर 'आधाराशिवाय उभं राहणं : सहा मिनिटं' असं लिहिलं आणि पुढे कंसात 'बासुंदी' असं लिहून ठेवलं, म्हणजे उद्या आठवेल.

मग लिफ्टपर्यंत. चाळीस पावलं. वॉकर गेला, काठी आली. काकूंनी केस स्वतः विंचरायला सुरुवात केली, कारण पाहुणे येणार. गाऊन जाऊन साडी आली, कारण गाऊनमध्ये कुणी लिफ्टपर्यंत जातं का? आपल्या वाट्याची सफरचंदं त्या स्वतः कापून पाहुण्यांपुढे ठेवू लागल्या. वॉर्डातले बाकीचे पेशंटही चाळवले. कोपऱ्यातले एक आजोबा, ज्यांना भेटायला फारसं कुणी येत नसे, ते काकूंच्या पाहुण्यांना पोचवायला जाऊ लागले. कधीकधी लिफ्टपाशी एका पाहुण्याला निरोप द्यायला चार पेशंट उभे असायचे आणि पाहुण्याला आपण कुणीतरी मोठा माणूस असल्यासारखं वाटायचं.

हे सगळं शौनकला माहीत नव्हतं. तो रोज रात्री साडेआठला यायचा तेव्हा आई झोपायच्या तयारीत असायची. एका शनिवारी तो दुपारीच आला. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर आई, काठी टेकून उभी, नयन वहिनींशी हसत बोलतेय. आधी त्याने आईला धरून खुर्चीवर बसवलं आणि मग तो मावशींवर उखडला.

"मावशी, तुम्ही हिला इथवर चालवत आणलंत? पडली असती तर? कोण जबाबदार?"

"मी चालवत नाय आनली," मावशी म्हणाल्या. "पावन्यांना पोचवाला आल्यात त्या."

"मला काही करू द्यायचं नाहीये तिला! आयुष्यभर केलंय तिने. मी आहे ना आता? तुम्ही नव्हतात तिथे. मी दार उघडलं, ती फरशीवर होती."

मावशींचा राग विरून गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, ऑफिसात त्याच्या हाताखाली पन्नास माणसं, आणि इथे तो आईच्या खुर्चीचा हात घट्ट धरून उभा होता. आई एकटी घाबरली नव्हती. ती ज्या फरशीवर पडली होती तिथे हाही अजून पडलेलाच होता.

"शौनकराव," मावशी हळू म्हणाल्या, "तुमी भल्यासाठी बोलता. पन मानूस बसवून ठेवला ना, का तो बसल्या जागी संपतो. मी लय बगितलेत. लोकं म्हनतात सेवा केली. मी म्हनते, सेवेनंच गेला."

काकूंनी शौनकच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "शुक्रवारी डॉक्टर जिना बघणारेत. तेवढं होऊ दे. मग तू म्हणशील तसं."

जिन्याचा सरावही पाहुणचारातूनच झाला. विश्रामकाका लिफ्ट घेत नाहीत हे त्यांचं खूळ इतकं कुणाच्या कामी आलं नसेल. त्यांना पोचवायचं म्हणजे जिन्यापर्यंत जायलाच हवं. काका एक पायरी उतरले की थांबून काहीतरी सांगत. काकूंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मग त्या ऐकायला एक पायरी खाली. काका आणखी एक उतरत, टाकीच्या भांडणाचा पुढचा अंक सांगत. काकू आणखी एक खाली. 'उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी,' अंतरा मागून पुटपुटत असे. असं करत एका संध्याकाळी दहा पायऱ्या उतरून दोघं जिन्याच्या वळणावर पोचले. काकूंनी वर बघितलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण वर तर जावंच लागणार होतं. दहा पायऱ्या चढायला त्यांना सात मिनिटं लागली, आणि खाली उभ्या असलेल्या विश्रामकाकांनी ती सात मिनिटं श्वास रोखून धरला की काय अशी शंका यावी इतके ते लाल झाले होते.

शुक्रवार उजाडला. दुपारी पावणेतीनला डॉक्टर, शौनक, शुभदा आणि अंतरा जिन्याच्या तोंडाशी जमले. काकू खुर्चीत, मोतिया रंगाची साडी, हातात काठी. मावशी भिंतीला टेकून.

आणि मावशींच्या लक्षात आपली चूक आली. आज पाहुणाच नव्हता. परीक्षेच्या दिवशी गर्दी नको म्हणून त्यांनीच काल सगळ्यांना कळवलं होतं, 'उद्या कुनी येऊ नका.' विश्रामकाकांना तर दोनदा बजावलं होतं.

"या, टिपणीस मॅडम," डॉक्टर म्हणाले. "दोन मजले खाली, दोन मजले वर. सावकाश."

काकू उभ्या राहिल्या. जिन्याच्या कडेपर्यंत आल्या. खाली बघितलं. समोर कुणी बोलणारं नव्हतं, टाकीचं भांडण नव्हतं, बासुंदी नव्हती. नुसत्या चाळीस पायऱ्या आणि त्यांच्या तळाशी चकचकीत फरशी होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग त्या वळल्या, खुर्चीत बसल्या आणि तो जुना गोड आवाज परत आला. "आजचा दिवस राहू दे, डॉक्टर. तुम्ही सगळ्यांनी फार केलंत. आभारी आहे हं."

शौनकने डोळे मिटले. त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्याची त्याला लाज वाटली. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. घाई नाही. डिस्चार्ज उद्या, माजिवड्याला." अंतरा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पंधरा दिवसांचं काम आपल्या एका शहाणपणाने पाण्यात गेलं, एवढंच मावशींच्या डोक्यात घुमत होतं. घड्याळात तीन वाजले. ड्युटी संपली. त्यांनी लॉकरमधून पिशवी घेतली, अॅप्रन घडी करून आत टाकला आणि रोजच्यासारख्या जिन्याकडे निघाल्या. जाताना काकूंकडे बघायचं धैर्य त्यांना झालं नाही. सत्तावीस वर्षं त्या अशाच घरी जात होत्या. पेशंट बरे झाले की त्यांना गाडीपर्यंत पोचवायला मावशी जात. मावशींना पोचवायला कुणी येत नसे, आणि यावं असं त्यांच्या मनात कधी आलंही नव्हतं.

तीन पायऱ्या उतरल्या असतील, तोच मागून आवाज आला.

"शेवंतीबाई! अशा न सांगता निघालात?"

मावशी वळल्या. काकू खुर्चीतून उठल्या होत्या. पदर सारखा केला होता.

"ड्युटी संपली, काकू," मावशी कशाबशा म्हणाल्या. "उद्या माझी सुट्टी. मंग तुमी माजिवड्याला जानार."

"म्हणजे आज तुम्ही शेवटच्या जाताय," काकू म्हणाल्या. "आणि मी खुर्चीत बसून राहू? थांबा. लाइनवर राहा."

दुखरा पाय आधी. पहिली पायरी. शौनक पुढे झाला, तेव्हा अंतराने त्याचं मनगट असं धरलं की तो जागीच राहिला. काकू बोलत बोलत उतरू लागल्या. काय काय बोलल्या! शेवंतीबाई, तुम्ही पहिल्या दिवशी माझी वेणी घातलीत ती किती घट्ट होती. शेवंतीबाई, तुमच्या घरचं भेंडीचं लोणचं तुम्ही सिस्टरांपासून लपवून दिलंत. तुमच्या यजमानांचा, साईनाथरावांचा, खोकला कसा आहे? मावशी एक पायरी खाली राहून उत्तर देत होत्या, हात पाठीमागे बांधून, कारण हात मोकळे ठेवले असते तर ते पुढे गेले असते. पहिलं वळण. पहिला मजला. तिथे काकू थांबल्या, श्वास घेतला, म्हणाल्या, "पाहुणा अर्ध्यात सोडत नाहीत," आणि पुन्हा निघाल्या. वरून डॉक्टर, शुभदा, शौनक, अंतरा सगळे एकेक पायरी मागून उतरत होते.

चाळिसावी पायरी. मग फरशी. तीच, चकचकीत. काकू तिच्यावरून काठी टेकत सरळ हॉस्पिटलच्या दारापर्यंत गेल्या. बाहेर रिक्षांच्या रांगेवर दुपारचं ऊन पडलं होतं. त्यांनी मावशींचे दोन्ही हात हातात घेतले.

"या हं पुन्हा, शेवंतीबाई," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे. ठाकुर्लीला."

मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं. त्यांनी पुसलं नाही. सत्तावीस वर्षांत दारापर्यंत आलेलं हे पहिलं माणूस होतं, आणि ते चाळीस पायऱ्या उतरून आलं होतं.

मग काकू वळल्या आणि मुलाला म्हणाल्या, "बाजूला हो रे. मला वर जायचंय." चांगला पाय आधी. अठरा मिनिटं लागली. वर पोचल्यावर डॉक्टरांनी कागदावरचं माजिवडा खोडलं. शौनकने खिशातून रुमाल काढला आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने हसला.

फेब्रुवारीत एका रविवारी मावशी ठाकुर्लीला गेल्या. हातात लोणच्याची बरणी होती. काकूंनी दार उघडलं, कांदेपोहे केले, शौनकने हट्टाने बसवलेले कठडे आणि न्हाणीघरातल्या दांड्या दाखवल्या. तो आता दर बुधवारी जेवायला येतो म्हणाल्या, आणि जाताना त्याला खालपर्यंत पोचवावं लागतं. मेतकुटाची बरणी खालच्या फळीवर आली होती. दोघी तीन तास बोलल्या आणि मावशी म्हणाल्या, "चला, निंगते."

म्हणजे खरं बोलणं आता सुरू झालं. दारात पाव तास, जिन्यात दहा मिनिटं, फाटकाशी वीस मिनिटं. विश्रामकाकाही बाहेर आले आणि त्यांनी टाकीच्या भांडणाचा निकाल सांगितला. रिक्षा येऊन उभी राहिली, तेव्हा मावशींनी वर दुसऱ्या मजल्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"चला काकू, तुमाला वर सोडून येते."

"अजिबात नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही मला वर सोडायला आलात तर मला परत तुम्हाला खाली सोडायला यावं लागेल. मग दोघींना इथेच मुक्काम करावा लागेल. बसा रिक्षात."

काकू आत गेल्या. मावशींनी रिक्षावाल्याला हाताने थांबवलं आणि फाटकाशी उभ्या राहिल्या. जिन्यातून काठीचा आवाज येऊ लागला. टक्. मग थोडं थांबून टक्. मावशी ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. नऊला आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. अठराला जरा जास्त थांबला. विश्रामकाका काही बोलायला गेले, तर त्यांना एकच नजर पुरली. सत्तावीस. तीस. पस्तीस. छत्तीस. मग कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला आणि दार उघडलं.

मावशी रिक्षात बसल्या.